परवान्यानंतरचे तास

कोल्हापूरच्या विमानतळाला सगळे उजळाईवाडीचा विमानतळ म्हणतात, पण त्याच्या कुंपणाला गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली यांचीही शिवारे लागून आहेत. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली हा तळ सुरू झाला. पुढे धावपट्टी वाढवण्यासाठी गडमुडशिंगीतल्या शेतकऱ्यांची जमीन गेली. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. प्रवासी विमाने आता रोज येतात आणि गावातल्या पोरांना आवाजावरून विमान ओळखता येते. पण या गावातल्या, शिवाजी विद्यापीठात बी.एस्सी. करणाऱ्या किंवा गोकुळ शिरगावच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलीला हौस म्हणून, आवड म्हणून विमान चालवायचे असेल, तर तिला परवडेल का? नोकरीसाठी वैमानिक होणे हा वेगळा विषय आहे, त्यावर जाहिराती भरपूर निघतात. शिक्षण चालू ठेवून खासगी वैमानिक म्हणून उडत राहणे, यावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा आढावा.

आधी परवान्याचे पाहू, कारण तो भाग सोपा आहे. सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळतो, सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचा, म्हणजे पीपीएल. शिक्षणाची अट दहावी उत्तीर्ण एवढीच. वर्ग-२ ची वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, हवामान, दिशादर्शन आणि विमानाची तांत्रिक माहिती यांची परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना आणि किमान ४० तासांचे उड्डाण. त्यात २० तास एकट्याने. एकट्याच्या त्या तासांत पाच तास गावाबाहेरचे, आणि त्यातले एक उड्डाण १५० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून. मैल आणि तास कागदावर छोटे दिसतात. ४० हा आकडा किमान आहे, बहुतेकांना त्याहून जास्त लागतात. अमेरिकेत नियम ४० तासांचाच आहे, तरी तिथे सरासरी विद्यार्थी साठ-सत्तर तासांच्या घरात जाऊन परवाना मिळवतो. आठवड्यातून तीनदा उडणारा लवकर शिकतो, महिन्यातून एकदा उडणारा मागच्या वेळचे विसरतो आणि तेच तेच पैसे देऊन पुन्हा शिकतो.

आता पैसा. भारतातल्या प्रशिक्षण संस्थांत दोन किंवा चार आसनी विमानाच्या एका तासाला साधारण दहा ते पंधरा हजार रुपये पडतात. हिशेबासाठी १२,००० धरू. चाळीस तासांचे ४,८०,०००, पन्नास तासांचे सहा लाख. वर राहणे, जेवण, तपासण्या, परीक्षेच्या फी वेगळ्या. ही रक्कम एखाद्या मध्यमवर्गीय घराने ठरवून, दोन वर्षे काटकसर करून उभी केली असे समजू. परवाना हातात आला. मग?

माझ्या मते खरा प्रश्न इथून सुरू होतो, आणि घराघरांतल्या चर्चेत नेमका तोच सुटतो. परवाना एकदाच काढायचा असतो, हात मात्र सतत चालू ठेवावा लागतो. महिन्याला एक तास, म्हणजे वर्षाला बारा तास, ही हात चालू राहण्याची अगदी खालची पातळी. त्याचे वर्षाला १,४४,००० रुपये होतात. अनुदानित कॉलेजातल्या पदवीच्या तीन वर्षांच्या फीपेक्षा ही एका वर्षाची रक्कम कितीतरी जास्त आहे. अमेरिकेत नियम असा आहे की मागच्या ९० दिवसांत तीन वेळा उड्डाण आणि तीन वेळा उतरणे झाले नसेल तर वैमानिकाने सोबत प्रवासी घ्यायचा नाही. हा नियम पैशांच्या हिशेबालाही उपयोगी आहे. तीन महिन्यांत निदान एकदा धावपट्टीभोवती तीन फेऱ्या मारण्याचे पैसे आपल्याकडे असतील का, हा प्रश्न परवाना काढायला निघण्यापूर्वी विचारायला हवा. उत्तर नाही असेल तर पाच-सहा लाख एका कागदावर खर्च होतात आणि तो कागद कपाटात राहतो. हे मी कोणाला घाबरवायला सांगत नाही. उडणे सुरू ठेवायचे असेल तर रक्कम आधीच दोन भागांत तोडावी लागते, एक परवान्यासाठी आणि एक त्यानंतरच्या तासांसाठी. दुसरा भाग आधी बाजूला काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा तास इतका महाग का, हे समजून घेतल्याशिवाय तो स्वस्त कसा होईल हे कळणार नाही. सेसना १५२ हे दोन आसनी विमान तासाला साधारण २३ लिटर इंधन पिते, चार आसनी सेसना १७२ तीस-पस्तीस लिटर. हे इंधन पंपावरचे पेट्रोल नसते. ते अॅव्हगॅस असते, त्यात आजही शिसे असते, आणि २०२२ पर्यंत आपण ते परदेशातून आणत होतो. त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला घेतले. इंधनानंतर इंजिन. या विमानांतली लायकमिंगची इंजिने साधारण २,००० तासांनी पूर्ण उघडून नव्याने बांधावी लागतात, म्हणून प्रत्येक तासामागे काही रक्कम त्या दिवसासाठी राखून ठेवावी लागते. ठरावीक तासांनी परवानाधारक अभियंत्याची तपासणी आहे. विमा आहे, हँगर आहे, इन्स्ट्रक्टरचे मानधन आहे.

यातला इंधनाचा खर्च उडाल्यावरच होतो, बाकीचा बराचसा विमान उभे असले तरी चालूच राहतो. समजा एका विमानाचा वर्षाचा स्थिर खर्च बारा लाख आहे. ते वर्षात १०० तास उडाले तर तासामागे १२,००० रुपये नुसते स्थिर खर्चाचे. ४०० तास उडाले तर तेच ३,०००. म्हणजे तास महाग होण्याचे मोठे कारण विमान उडत नाही हेच आहे. ज्या देशांत सामान्य माणूस उडतो तिथे तो श्रीमंत असतो म्हणून उडतो असे नाही. तिथे एकाच विमानाच्या चाव्या पंधरा-वीस जणांच्या खिशात असतात आणि विमान जमिनीवर बसून राहत नाही.

आपल्याकडे ही रीत कधी होती का? होती. १९२८ मध्ये मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे.आर.डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा ते चोविशीत होते. तो काळ श्रीमंतांच्या हौसेचा होता हे खरे, पण क्लब ही कल्पना तेव्हाच रुजली. सभासदांनी वर्गणी भरायची, विमान सगळ्यांचे, सरकार थोडा हात देणार. स्वातंत्र्यानंतरही फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदान मिळत असे आणि त्यामुळे विद्यार्थ्याला तासाचा दर कमी पडे. पुढे अनुदान आटले, मुंबईचे आकाश भरले आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबला उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला न्यावे लागले. नागपूर फ्लाइंग क्लब विभागीय आयुक्तांच्या देखरेखीखाली चालतो. तो अनेक वर्षे बंद राहून पुन्हा सुरू झाला. क्लब नावाच्या संस्था उरल्या, पण त्यातला हौशी सभासद हळूहळू नाहीसा झाला आणि त्याची जागा व्यावसायिक परवान्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याने घेतली.

आज महाराष्ट्रात उड्डाण शिकायला जागा कमी नाहीत. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळचे बिरसी, जळगाव, नागपूर. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने मोठी अकादमी उभारायला घेतली. २०२० मध्ये केंद्राने धोरण सैल केले, प्रशिक्षण संस्थांकडून घेतली जाणारी विमानतळाची रॉयल्टी काढून टाकली आणि २०२१ मध्ये पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिल्या. त्यात जळगाव होते आणि आपल्या शेजारचे बेळगावही होते. गडमुडशिंगीहून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघून दुपारी परतता येण्याजोगे. पण यातल्या जवळजवळ सगळ्या संस्थांचा धंदा एकाच ग्राहकावर उभा आहे, २०० तास पूर्ण करून विमान कंपनीत जाऊ पाहणाऱ्या मुलावर. महिन्याला एक तास उडायला येणाऱ्या बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीला त्यांच्या वेळापत्रकात जागा नसते, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. ज्याचे चाळीस-पन्नास लाख अडकले आहेत त्याचे तास आधी पूर्ण व्हायला हवेत.

त्या मोठ्या रकमेबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण पुष्कळ कुटुंबे खासगी परवान्याच्या प्रश्नाला व्यावसायिक परवान्याचे उत्तर देतात. हौस असेल तर नोकरीच कर, कर्ज तरी मिळेल, असा हा विचार असतो. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्य केलेले वैमानिक प्रशिक्षण बसते हे खरे. पण साडेसात लाखांपुढे तारण लागते आणि राहते घर किंवा प्लॉट गहाण पडतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या टॉप क्लास शिक्षण योजनेत खासगी फ्लाइंग क्लबमधल्या प्रशिक्षणाला वर्षाला ३.७२ लाखांपर्यंतची तरतूद होती. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांतल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना आणली. या योजना हव्यातच, आणखी मोठ्या हव्यात. पण त्या सगळ्या व्यावसायिक परवान्यासाठी आहेत. हौशी वैमानिकाचा विचार कुठल्याही योजनेत नाही.

इथे एक बारीक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत उडालेले असावे लागतात. म्हणजे अकरावीपासून थोडे थोडे उडत तास साठवू आणि पुढे कधीतरी व्यावसायिक परवाना काढू, हा बेत अर्धवट ठरतो. जुने तास मागे गळत जातात. म्हणून पदवीच्या काळात उडायचे ते उडण्यासाठीच उडावे. भविष्यातल्या नोकरीचे हप्ते म्हणून त्याकडे पाहिले तर निराशा होते. आवड म्हणून पाहिले तर त्याच तासांचा आनंद आयुष्यभर पुरतो.

आता स्वस्त आकाशाकडे वळतो.

कॉलेजात असणाऱ्याला सगळ्यात आधी एनसीसीचे दार ठोठावावे लागते. एनसीसीच्या हवाई शाखेची स्क्वॉड्रन महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि पुण्यात आहेत. त्यांच्याकडे पिपिस्ट्रेलची व्हायरस एसडब्ल्यू-८० ही मायक्रोलाइट विमाने आहेत आणि कॅडेटला उडायला पैसे पडत नाहीत. निवडून आलेल्या, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरापर्यंत पोचलेल्या कॅडेटला बाकीच्यांपेक्षा जास्त उड्डाण मिळते. यातून पीपीएल मिळत नाही, सगळ्यांना भरपूर तास मिळतात असेही नाही. पण हवेत पहिल्यांदा काठी हातात घेण्याची किंमत शून्य रुपये असणे, ही आपल्या देशात दुर्मीळ गोष्ट आहे. शिवाय ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी हवाई दलाच्या उड्डाण शाखेत वेगळा प्रवेशमार्ग आहे. अडचण अशी की कोल्हापुरात एनसीसीचे गट मुख्यालय असले तरी हवाई शाखेची स्क्वॉड्रन तीन शहरांतच आहेत. ज्याला खरोखर उडायचे आहे त्याने बारावीनंतर कॉलेज निवडतानाच ही चौकशी करावी. गुणवत्ता यादी पाहतो तशीच, त्या कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा आहे का हेही पाहावे. माझ्या दृष्टीने विद्यार्थ्यासाठी संपूर्ण प्रश्नातला हा सर्वांत फायद्याचा निर्णय आहे, आणि तो फुकट घेता येतो.

दुसरा रस्ता ग्लायडरचा. पुण्याजवळ हडपसरला १९५० पासून ग्लायडिंग सेंटर आहे. ते थेट डीजीसीएच्या अखत्यारीतले सरकारी केंद्र आहे. ग्लायडरला इंजिन नसते. जमिनीवरच्या विंचने लांबलचक दोर वेगाने गुंडाळला जातो, ग्लायडर पतंगासारखे वर चढते, दोर सुटतो आणि मग शांतता. वारा आणि ऊन यांच्यावर वैमानिकाचे काम चालते. तापलेल्या जमिनीवरून उठणारा हवेचा झोत सापडला तर गोल गोल फिरत वर जायचे, नाही सापडला तर काही मिनिटांत उतरायचे. इंधन नाही, इंजिनाची राखीव रक्कम नाही, म्हणून दर विमानाच्या तासाच्या जवळपासही येत नाहीत. विद्यार्थ्याला हे मनापासून सुचवावेसे वाटते. त्याचे कारण पैसा आहेच, पण एवढेच कारण नाही. ग्लायडरवर शिकलेल्याला हवा कळते. उतरताना दुसरी संधी नसते, त्यामुळे उंची आणि अंतर यांचा अंदाज हाडीमाशी मुरतो. इंजिनाच्या विमानावर तो पुढे गेला तर तिथले तास कमी लागतात. केंद्र सरकारी असल्यामुळे कधी चालू असेल याची आधी फोन करून खात्री करावी लागते, आणि कोल्हापूरहून पुणे सव्वादोनशे किलोमीटर आहे. तरीही पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्या भागातल्या मुलांसाठी शनिवार-रविवारचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

पॅराग्लायडिंगबद्दल थोडक्यात. कामशेत आणि पाचगणीच्या टेकड्यांवर ते शिकता येते, खर्च आणखी खाली येतो, स्वतःचे पंख पाठीवर घेऊन एसटीने जाता येते. ते विमान चालवणे नाही, पण ज्याला आकाशच हवे आहे त्याला ते पुरते.

घरात संगणकावर बसून सिम्युलेटर चालवणाऱ्यांना नावे ठेवू नयेत. मायक्रोसॉफ्टचा किंवा एक्स-प्लेनचा सिम्युलेटर लॉगबुकात धरला जात नाही, पण चेकलिस्ट, रेडिओवरचे बोलणे, नकाशावरून मार्ग आखणे, उतरण्याच्या आधीचा क्रम हे सगळे घरी पक्के करता येते. मग महागड्या तासात इन्स्ट्रक्टरला तेच शिकवावे लागत नाही. हाताला वाऱ्याचा धक्का मात्र तिथे कळत नाही, आणि ती सवय चुकीची लागली तर सोडवायला पुन्हा तास खर्चावे लागतात.

परदेशात शिकायला गेलेल्या मराठी मुलांचा हिशेब वेगळा पडतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्या भारतीय मुलाला हौस म्हणून उड्डाण शिकता येते. २००१ नंतर परदेशी नागरिकांना त्यासाठी तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची आगाऊ परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय पहिला धडासुद्धा घेऊ नये. तिथे सेसना १७२ तासाला दीडशे ते दोनशे डॉलरला मिळते. रुपयांत मांडले तर आपल्याइतकेच किंवा थोडे जास्तच होतात, पण तिथल्या कमाईच्या मानाने तो भार हलका असतो. खरा फरक दोन गोष्टींत आहे. एक, विद्यापीठांचे आणि गावांचे ना-नफा क्लब, जिथे सभासद भाग विकत घेतो आणि शिक्षण संपल्यावर पुढच्याला विकून निघतो. दोन, खर्च वाटून घेण्याची कायदेशीर मुभा. खासगी वैमानिकाने सोबतच्या मित्रांकडून इंधन आणि भाड्याचा समान वाटा घ्यावा, स्वतःचा वाटा मात्र भरावा, म्हणजे ती धंद्याची वाहतूक ठरत नाही. चार आसनी विमानात चौघे बसले की तास चौथाईत पडतो. ब्रिटनमध्ये १९२५ साली केंब्रिज आणि ऑक्सफर्डला विद्यापीठ हवाई स्क्वॉड्रन निघाली, ती पद्धत आजही चालू आहे. विद्यार्थी तिथे हवाई दलाच्या विमानावर, हवाई दलाच्या खर्चाने उडतो आणि पदवी वेगळ्या विषयाची घेतो. विद्यापीठाच्या वयात उडणे ही समाजाच्या उपयोगाची गोष्ट आहे, हे त्या देशाने शंभर वर्षांपूर्वी मान्य केले.

छोटे, हलके विमान म्हणजे दुय्यम विमान, असा समज आपल्याकडे आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबची विद्यार्थिनी असलेल्या मुंबईच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये हलक्या क्रीडा विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, आणि ते करणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली. तिचे विमान पिपिस्ट्रेलचे सायनस होते. एनसीसीच्या व्हायरसचा तो भाऊच. अशा विमानांतले रोटॅक्स इंजिन तासाला पंधरा लिटरच्या आसपास इंधन घेते आणि साध्या मोटारीच्या पेट्रोलवर चालते. खर्च कमी करायचा तर रस्ता याच दिशेने जातो.

स्वतः विमान बांधण्याचा मार्गही लोक विचारतात. अमेरिकेत हजारो लोक गॅरेजमध्ये विमान बांधून उडवतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, फेब्रुवारी २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते देशाने पाहिले, तरी उडवण्याचा परवाना हाती पडायला २०१९ उजाडले. ते स्वतः विमान कंपनीत वैमानिक होते. विद्यार्थ्याला हा रस्ता मी सुचवणार नाही, नियम बदलले तर गोष्ट वेगळी.

एका ठिकाणी मात्र पैसे वाचवू नयेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांत एकाच संस्थेच्या प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात झाले आणि डीजीसीएने त्या संस्थेची उड्डाणे थांबवली. क्लब निवडताना दराच्या आधी देखभालीची नोंदवही पाहायला मागावी. दाखवायला कुरकुर झाली तर तिथून परत यावे. आईवडिलांनी सोबत जाऊन हे मागितले तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

आता कमाईकडे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली कमवा आणि शिका योजना आपल्या भागात मुरलेली आहे, पण तासाला काही रुपये देणाऱ्या कामातून विमानाचा तास निघणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. निघू शकेल असे एक काम मात्र आपल्या शिवारात आले आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर अठरा वर्षे पूर्ण झालेला, दहावी उत्तीर्ण तरुण मान्यताप्राप्त संस्थेतून काही दिवसांच्या प्रशिक्षणाने ड्रोन चालकाचे प्रमाणपत्र मिळवू शकतो. करवीर, कागल, हातकणंगले या ऊसपट्ट्यात उंच वाढलेल्या उसात पाठीवरच्या पंपाने फवारणी करणे किती जिकिरीचे असते हे शेतकऱ्याला विचारा. हंगामात ड्रोनने फवारणी करणारा विद्यार्थी महिन्याचा एक तास स्वतः कमावू शकतो. विमानतळाजवळ ड्रोनला परवानगीशिवाय बंदी आहे, त्यामुळे गडमुडशिंगीच्या मुलाला काम पलीकडच्या गावांत शोधावे लागेल. पण हवा, वारा, बॅटरी आणि वजन यांचा हिशेब करत मिळवलेला तो पैसा त्याच विषयात परत जातो, हे मला फार योग्य वाटते.

कॉलेजचे वर्ष आणि आकाशाचे वर्ष यांची सांगडही घालावी लागते. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ढग खाली येतात आणि डोळ्यांनी पाहून उडणाऱ्याला आवश्यक असलेली पाच किलोमीटरची दृश्यता अनेक दिवस मिळत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे, त्यामुळे छोटे विमान तेव्हा जड झाल्यासारखे वागते आणि धावपट्टी जास्त खाते. उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबरच्या परीक्षा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी. वर्षाचे बारा तास असतील तर त्यातले सहा-सात या काळात उडावेत, बाकीचे मार्च ते मे सकाळी लवकर, आणि पावसाळ्यात पुस्तक आणि सिम्युलेटर.

हे सगळे करूनही एक गोष्ट एकट्या विद्यार्थ्याच्या हातात राहत नाही. विमान वर्षाला ४०० तास उडवायचे तर त्याला माणसे जोडावी लागतात. आणि माणसे जोडून महागडी वस्तू सगळ्यांच्या मालकीची करणे हे कोल्हापूर जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. इथे साखर कारखाने भागधारकांनी उभे केले, पंचगंगेचे पाणी उपसून माळावर नेणाऱ्या पाणीपुरवठा संस्था शेतकऱ्यांनी काढल्या, १९६३ मध्ये सुरू झालेला गोकुळ दूध संघ विमानतळाच्या शेजारीच गोकुळ शिरगावात आहे. फ्लाइंग क्लब म्हणजे तत्त्वाने सहकारी संस्थाच आहे. पन्नास सभासद, प्रत्येकाचा एक भाग, एक-दोन हलकी विमाने, एक अभियंता, एक इन्स्ट्रक्टर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत यंत्र समजणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे आहेत. विमानाच्या इंजिनाला हात लावायला वेगळा परवाना लागतो, तो मिळवणारी मुले याच घरांतून येतील. उद्योजक सभासदाने पूर्ण दराने उडावे, विद्यार्थी सभासदाने इंधन आणि इंजिनाच्या राखीव रकमेपुरते द्यावे. स्थिर खर्च आधीच वाटला गेल्यामुळे हे शक्य होते.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. प्रवासी विमानांच्या वेळा सांभाळून सरावासाठी वेळ मिळवावा लागेल. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून हँगरची जागा, विमान उभे करायला पार्किंग, इंधन साठवण्याची परवानगी, डीजीसीएची मान्यता, सुरक्षा तपासणी, हे सगळे एकेक टेबल आहे. बेळगावला प्रवासी विमानतळावरच प्रशिक्षण संस्थांना जागा मिळाली, म्हणजे प्रवासी वाहतूक आणि छोटी विमाने एकत्र नांदू शकतात. विस्तारासाठी गडमुडशिंगीने जमीन दिली आहे, तेव्हा क्लब निघाला तर त्याच्या विद्यार्थी जागांतल्या काही जागा कुंपणाला लागून असलेल्या गावांच्या मुलामुलींसाठी नियमावलीतच राखून ठेवाव्यात, ही मागणी मी इथे लेखी करतो. पहिल्या वर्षी विमान विकत घेण्याची घाई करू नये. आधी तीस-चाळीस इच्छुकांची यादी करावी, प्रत्येकाने वर्षाला किती तास उडणार याचा आकडा सहीनिशी द्यावा, आणि बेळगावच्या संस्थेकडून ठरावीक तास एकगठ्ठा विकत घेऊन दर किती खाली येतो ते पाहावे. ती बेरीज ३०० तासांच्या वर गेली तर विमानाचा विचार करायला आधार मिळेल. खाली राहिली तर निदान एकगठ्ठा घेतलेल्या तासांवर दहा-पंधरा विद्यार्थी उडत राहतील. यादी करायला परवानगी लागत नाही, ती येत्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करता येईल.